काळोखाची कार्डं

४ नोव्हेंबर

आज 'टी' उघडला. म्हणजे आमच्या इंग्रजी-मराठी कोशाचा 'एस' एकदाचा संपला आणि अकारादींनी 'टी'चा खण उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला. 'एस'ला चार वर्षं लागली. तेवढ्यात माणसाचं लग्न होऊन मोडतंसुद्धा.

अकारादी म्हणजे आमचे मुख्य संपादक. हे नाव मीच ठेवलं आणि कचेरीभर झालं. त्यांना ते माहीत आहे. हसत नाहीत आणि रागावतही नाहीत. ते डबासुद्धा वर्णानुक्रमे खातात असं मी एकदा म्हटलं होतं, तर दुसऱ्या दिवशी आधी काकडी, मग गाजर, मग टोमॅटो! मला चिडवायला की खरंच सवय आहे, देव जाणे.

माझ्या वाट्याच्या गठ्ठ्यातला वरचाच शब्द: टेनेब्रस. काळोखाचा शब्द. लॅटिनमधून इंग्रजीत आला आणि पुस्तकांतच राहिला. अरण्याला लावतात, भुयाराला लावतात, ओस पडलेल्या दालनाला, आणि वाचून डोकं धरायला लावणाऱ्या लिखाणालाही. बोलण्यात कुणी वापरत नाही, वापरलाच तर समोरचा हसेल. घरी येताना मी तो खडीसाखरेसारखा तोंडात घोळवत आले. चौकात सिग्नल हिरवा झाला तरी उभीच. मागच्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, "बाई, झोप झाली का?"

आमच्या कचेरीची रीत अशी की प्रत्येक शब्दाला पुस्तकातले दाखले तर हवेतच, शिवाय बोलण्यातली चौदा कार्डं हवीत. त्या गोष्टीबद्दल मराठी माणूस सहज काय बोलतो ते जसंच्या तसं लिहायचं. वाक्य, बोलणारा, तारीख. आणि कार्ड पेटीत टाकायचं. चौदा भरेपर्यंत पेटी उघडायची नाही, कार्डं जुळवायची नाहीत, अर्थ लावायचा नाही. "अर्थ लावायची घाई झाली की माणूस ऐकायचं थांबतो," हे अकारादींचं वाक्य मी अठरा वर्षं ऐकतेय. आता तर मी वाक्य लिहिलं की विसरून जाते. हात बसलाय.

पहिलं कार्ड घरीच मिळालं. ताई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, अठ्ठावन्नची. रफू करते. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक असो की कसरीने खाल्लेली शाल, ताईचा दोरा फिरला की तिथे भोक होतं हे मालकालाही दाखवता येत नाही. घरात आम्ही दोघीच. मला तिनेच वाढवलं, त्यामुळे ती मला अजून अर्धवट समजते.

"ताई, काळोखाबद्दल काहीतरी बोल ना."

"काय भरल्या घरात काळोखाबद्दल बोल!"

"अगं, कामासाठी."

तिने कापड मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "कडेकडेने येतो तो. मध्ये उजेड राहतो. धुतलेलं ताट पालथं घालायचं विसरलं की मध्यावर पाणी राहतं ना, तेवढा."

मी उडीच मारली. लिहिलं: बोलणारी, घरातली स्त्री, वय ५८.

८ नोव्हेंबर

कचेरीत सगळ्यांना विचारून झालं. किर्र अंधार, मिट्ट काळोख, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. अकारादींनी मान हलवली, "ह्या तयार जोड्या आहेत. कोशात आधीच आहेत." एवढ्या लोकांत एकाला स्वतःचा काळोख नाही म्हणजे कमाल आहे.

ताईला मात्र खाणच लागलीय. आज म्हणाली, "काळोख काळा नसतो गं. राखाडी असतो, मळक्या बनियनसारखा." मी हसून हसून लिहिलं.

सकाळी निघताना तिने मला वीस सुया ओवून ठेवायला लावल्या. हल्ली सुयांची नेढीच बारीक करतात म्हणे. मला उशीर होत होता, कुरकुर केली. "वीस काय करायच्यात? लग्नाचा बस्ता शिवायचाय?" तर म्हणते, "दिवसभराच्या. पुन्हा पुन्हा तुझी वाट कुठे बघत बसू."

१२ नोव्हेंबर

मुख्य कचेरीचं पत्र आलं! मोठी आवृत्ती निघणार आहे आणि तिची संपादक म्हणून मला बोलावलंय. समुद्रकाठच्या त्या शहरात, एक मार्चपासून, वर्षभर. होय-नाही ३१ जानेवारीपर्यंत कळवायचं. पत्र मी तीनदा वाचलं, मग पर्समध्ये ठेवलं, मग जागेवर आहे का ते बघायला पुन्हा काढलं. अठरा वर्षं मी दुसऱ्यांनी आखलेल्या रेघांवर लिहितेय. मला हे हवंय. कुणाला सांगायचं नाही म्हणून इथे लिहिते: मला हे फार, फार हवंय.

पण ताई एकटी राहील.

१३ नोव्हेंबर

सांगितलं. मला वाटलं होतं ती गप्प होईल. कसलं काय! माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाली, "जायचं. विचार करायचा नाही."

"आणि तू?"

"मी काय कुकुलं बाळ आहे? तू नव्हतीस तेव्हा मी होतेच की."

इतक्या आवेशाने म्हणाली की मला जरा लागलंच. माणसाने निदान एकदा तरी 'नको जाऊस' म्हणावं.

२० नोव्हेंबर

तीन दिवस धुकं आहे. कचेरीच्या खिडक्या उंच, त्यातून उजेड येतो तो दुधात पाणी घातल्यासारखा, आणि दुपारी दोनला सुद्धा पहाट वाटते. पेन्सिल हातात धरून मी कुठेतरी जाऊन येते. आज अरण्यात गेले होते. झाडं नव्हती, फक्त झाडांमधल्या जागा होत्या, आणि त्या एकेक करून मिटत होत्या. अकारादींनी खाकरून परत आणलं.

येताना गल्लीत ताई समोरून आली, हातात भाजीची पिशवी. मी हात केला. ती माझ्या अगदी जवळून, हाताच्या अंतरावरून, सरळ निघून गेली! हाक मारायचाही धीर झाला नाही मला. म्हणजे तोंडाने 'जा' म्हणायचं आणि मनातून रुसायचं. ठीक आहे. मलाही रुसता येतं.

२२ नोव्हेंबर

दोन दिवस मी मोजकंच बोलले. तिने विचारलं, "तोंडात मिठाची गुळणी धरलीयेस का?" मी सांगितलं, गल्लीत बघून न बघितल्यासारखं केलंस. ती दचकली. खरंच दचकली. मग म्हणाली, "अगं, धुकं किती होतं." मग जवळ येऊन माझ्या डोक्यावर टपली मारली, ती कानावर बसली.

रुसवा गेला. आणि जाता जाता कार्डही मिळालं: "आधी रस्त्याची कडा जाते. मग झाडं. मग माणसं. माणसं शेवटी नुसती आवाजाची उरतात." काय बोलते ही बाई! हिला शाळेत पुढे शिकू द्यायला हवं होतं.

१ डिसेंबर

ताईला हल्ली विचित्र सवयी लागल्यात. चहा ओतताना कपात बोट घालते. मी म्हटलं, शी! तर म्हणे, "माझंच बोट आहे, शेजारणीचं नाही." जिना उतरताना मोठ्याने पायऱ्या मोजते, गुडघ्यांना व्यायाम होतो म्हणे. मोजल्याने गुडघ्यांना काय होतं ते डॉक्टरांना विचारायला हवं.

संध्याकाळी दिवा लावला तर त्याच्याकडे टक लावून बसली. "दिव्याला रंगांचं कडं पडलंय," म्हणाली. "इंद्रधनुष्य गोल करून अडकवलंय कुणीतरी." मी पाहिलं. मला नुसता दिवा दिसला. तिच्या बाजूला बसून, डोळे बारीक करून बघितलं, तरी दिवाच. मला हेवा वाटला तिचा. काळोखाच्या शब्दासाठी उजेडाचं वाक्य चालेल का, हे विचारावं लागेल. लिहून टाकलं.

९ डिसेंबर

घरी आले तर खुर्च्या सगळ्या भिंतीला लागलेल्या, मधलं टेबल कोपऱ्यात. "मोकळं वाटावं म्हणून," ताई म्हणाली. छान वाटतंय खरं. खोली एकदम मोठी झाली.

सहाच्या सुमारास वीज गेली. मी काडेपेटी शोधायला उठले आणि नव्या जागेतल्या खुर्चीवर आपटले. ताई हसली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. फळीवरून मेणबत्ती, खणातून काडेपेटी, येताना पाण्याचा ग्लाससुद्धा घेऊन आली. कुठे ठेच नाही, कुठे खडखडाट नाही. मला तर ती पाण्यातून चालत आल्यासारखी वाटली. मेणबत्ती तिने पेटवली नाही. माझ्या हातात दिली आणि शेजारी टेकली.

"नको लावूस लगेच," म्हणाली. "जरा बसू. आता आपण दोघी सारख्या."

मी लहान असताना ती अशीच मला कुशीत घेऊन बसायची. किती वेळ बसलो कुणास ठाऊक. शेजारच्यांकडे कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज कधी जवळ, कधी लांब. ती हळूच म्हणाली, "काळोख येत नाही गं. उजेडच उठून जातो, न सांगता, कंटाळलेल्या पाहुण्यासारखा." वीज आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. माझ्या जाण्याचं वाईट वाटत असणार. मला वाईटही वाटलं आणि, खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं.

दोन कार्डं.

२१ डिसेंबर

ताईने काळे कोट घेणं बंद केलं. शिंप्याचा माणूस दारात उभा, हातात ओळखीच्या गिऱ्हाइकाचा काळा कोट, आणि ही म्हणते, "काळ्यावर काळा दोरा आता नको. कंटाळा आला." फक्त पांढरं आणि फिकं घेणार म्हणे. चाळीस वर्षांत ताईला कामाचा कंटाळा आलेला मी पाहिला नव्हता. वय झालं, दुसरं काय.

तो गेल्यावर तिने दोऱ्यांच्या रिळांवरून बोटं फिरवली, एकेक करून, सगळ्या खणभर. मी विचारलं, काय शोधतेस? "काही नाही. आहेत का बघते."

३ जानेवारी

बारा-तेरा दिवस काही लिहिलं नाही, कारण काही झालं नाही. मी पत्राचं उत्तर मनात रोज लिहिते आणि रोज फाडते.

आज दहावं कार्ड: "उजव्या हाताला रात्र, डाव्या हाताला दुपार. मधून मी चालते." हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कितीतरी वेळ मी खिडकीशी उभी राहून तसं चालून पाहिलं, मनातल्या मनात. एका बाजूला चांदण्या, एका बाजूला ऊन.

१५ जानेवारी

आज मला एक सुचलं आणि ते सुचलं नसतं तर बरं झालं असतं. मी ताईला विचारलं, आई काळोखाबद्दल काय म्हणायची गं?

आईचे डोळे गेले तेव्हा मी अकरा वर्षांची. ताई सव्वीसची. तिचं एक स्थळ जमत आलं होतं, पण आईला हात धरून कोण नेणार, म्हणून ते मागे पडलं, मग राहूनच गेलं. आई त्यानंतर अकरा वर्षं होती. ताईला त्याची कधी खंत वाटली नाही. ती तसल्यांतली नाहीच.

"तिला तू कधी विचारलंस का, ती होती तेव्हा?" ताई एवढी तडकून बोलली की माझ्या हातातली पेन्सिल पडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ती काही सांगायची नाही. सुरुवातीला लपवायची. आपल्याला कळू नये म्हणून भिंतीला धरून चालायची आणि म्हणायची, भिंत गार लागते, बरं वाटतं."

हे कार्डावर लिहू की नको कळेना. लिहिलं.

२४ जानेवारी

चौदावं! पेटी भरली. चौदापैकी अकरा ताईची. अकारादी म्हणणार, एकाच माणसाचा शब्दकोश काढताय का बाई?

शेवटचं असं मिळालं. ताई हातात रिकामं रीळ घेऊन बसली होती. ते डोळ्याला लावून, मधल्या भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे एवढं. बाकी सगळीकडे तो." मी म्हटलं, सुंदर! ती म्हणाली, "आवडलं का तुला?" आणि रीळ खणात ठेवलं.

उद्या मांडणी.

२५ जानेवारी

मांडणी म्हणजे काय ते आधी लिहिते.

लांब टेबलावर कार्डं तारखेप्रमाणे डावीकडून उजवीकडे लावायची. शब्दाचा अर्थ एका वाक्यात नसतो, तो वाक्यावाक्यातून पुढे सरकत असतो, म्हणून सगळी एका ओळीत बघायची. मी अठरा वर्षं हे करतेय. आज सकाळी अकरा वाजता, उंच खिडकीखाली, मी कार्डं लावली आणि पहिल्यांदाच सलग वाचली.

कडेकडेने येतो, मध्ये उजेड राहतो. राखाडी असतो. रस्त्याची कडा जाते, झाडं, माणसं. दिव्याला रंगांचं कडं. उजेडच उठून जातो. संध्याकाळ हल्ली दुपारीच येते (हे मी इथे लिहायलाच विसरले होते). उजव्या हाताला रात्र. भिंत गार लागते. रिळातून दिसतं एवढं.

यातल्या प्रत्येक कार्डाखाली माझं अक्षर: घरातली स्त्री, वय ५८.

मी खुर्चीवर बसले. वीस सुया. बोट. पायऱ्या. गल्लीत ती माझ्यावर रुसली नव्हती, मी तिच्या उजव्या हाताला होते. माझी सख्खी बहीण तीन महिने मला एक गोष्ट सांगत होती आणि मी ती सुवाच्य अक्षरात उतरवून पेटीत टाकत होते.

अकारादी माझ्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी ओळ वाचली, सावकाश, एकेका कार्डाशी थांबत. मग चष्मा काढला.

"बाई, घरी जा," म्हणाले. "आत्ता. पेटी मी आवरतो."

संध्याकाळी

ती खिडकीशी पांढरा टेबलक्लॉथ घेऊन बसली होती. मी चपला न काढता तिच्या समोर गेले आणि उजवीकडून हात हलवला. तिने मान हलवली नाही. डावीकडून हलवला. "आज लवकर?" ती म्हणाली.

"ताई, कधीपासून?"

तिने सुई कापडात खोचून ठेवली. नाटक केलं नाही, हे खरं. "पावसाळ्यापासून," म्हणाली. "आईचं असंच सुरू झालं होतं."

"मग डॉक्टरकडे का नाही गेलीस? मला का नाही सांगितलंस?"

"तू गेल्यावर जाणार होते. मार्चमध्ये. आधी गेले असते तर तुला कळलं असतं, आणि तू पत्राला नाही म्हटलं असतंस."

"मग मला ही वाक्यं कशाला सांगत बसलीस?" मी ओरडले. गल्लीत ऐकू गेलं असेल.

ताईने कापडावरून हात फिरवून खोचलेली सुई चाचपली. मग म्हणाली, "तू विचारत होतीस. कुणीतरी विचारत होतं गं. सांगितलं की त्या दिवशी जरा कमी भीती वाटायची."

२८ जानेवारी

काचबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि गोड बोलत नाहीत, ते मला बरं वाटलं. डोळ्यात दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. उजवा डोळा गेल्यातच जमा. डाव्याचा मधला भाग शाबूत आहे. गेलेलं परत येत नाही. आहे ते राखता येतं, दिवसातून तीनदा थेंब घातले तर, न चुकता, जन्मभर. "मार्चपर्यंत थांबला असतात तर राखायलाही काही उरलं नसतं," त्या म्हणाल्या. ताई खाली बघत होती, शाळेत छडी खाल्लेल्या मुलीसारखी.

"आईच्या वेळी काही औषध नव्हतं," ती पुटपुटली.

"होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांना आणलं होतं का?"

रिक्षात ताईने औषधाची चिठ्ठी घडी घालून घालून नखाएवढी केली.

हे रक्तात असतं म्हणून माझेही डोळे तपासले. ठीक निघाले, वर्षाने पुन्हा यायचं. कळल्याबरोबर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ताई शेजारी बसलेली असताना असं वाटलं याची इतकी लाज वाटली की मी उठून पाणी प्यायला गेले.

३१ जानेवारी

उत्तराचा शेवटचा दिवस. मी लिहिलं होतं, 'येऊ शकत नाही.' ताईने वाचून दाखवायला लावलं आणि कागद माझ्या हातातून ओढला.

"आईपायी माझी अकरा वर्षं गेली," ती म्हणाली. "मला त्याचा राग नव्हता असं तुला वाटतं?"

मी म्हटलं, हो, असंच वाटतं.

"होता. रोज होता. तिला आंघोळ घालताना होता, तिला घास भरवताना होता. ती गेली त्याला एकवीस वर्षं झाली, अजून थोडा आहे. आणि तिला तो कळत होता, बोलले नाही तरी. आंधळ्या माणसाला हातावरून कळतं. तुझे हात तसे मला नकोत."

ज्या बाईला मी आयुष्यभर ओळखत होते ती समोर नव्हतीच, दुसरीच कुणी होती, आणि ती मला जास्त आवडली. शेवटी मधला मार्ग काढला. पत्रात लिहिलं: बहिणीच्या औषधाची घडी बसेपर्यंत सहा महिने द्या, सप्टेंबरमध्ये येते. मी सही करताना ताईने माझा हात धरला, मी मजकूर बदलू नये म्हणून.

६ फेब्रुवारी

टेनेब्रसची नोंद अकारादींनी स्वतः लिहिली. 'तमोमय, तिमिराच्छन्न; लाक्षणिक अर्थी दुर्बोध. पुस्तकी.' ताईची कार्डं त्यात बसली नाहीत, ते बरोबरच आहे. जो शब्द इंग्रज माणूस स्वयंपाकघरात वापरत नाही त्याला आपण स्वयंपाकघरातला शब्द द्यायचा नसतो. मी वाद घातला नाही.

ताईला वाचून दाखवलं. "एवढंच?" ती म्हणाली. "डोंगर पोखरून उंदीर काढला की गं तुम्ही!" मग दोघींना हसू आवरेना.

१२ फेब्रुवारी

मुख्य कचेरीचं उत्तर आलं. थांबता येत नाही, आवृत्ती दुसऱ्या कुणाकडे दिली आहे, शुभेच्छा. तीन ओळी.

दिवसभर मी हसतमुख राहिले. घरी येऊन भाजी चिरली, कपडे घड्या करून ठेवले, ताईने काही विचारलं की गोड आवाजात उत्तर दिलं. सहा वाजता थेंब घालायला तिच्यासमोर बसले. तिने डोकं मागे टेकलं. मी बाटली उघडली.

"काय झालंय?" ती म्हणाली.

"काही नाही."

"उत्तर आलं."

"आलं. नाही म्हणाले." आणि मग ते तोंडातून निघालंच. "तुझ्यामुळे गेलं. तू पावसाळ्यातच सांगितलं असतंस तर आत्तापर्यंत सगळी घडी बसली असती आणि मी गेले असते. माझं सगळं तुझ्यामुळे गेलं, ताई!"

बोलले आणि गार पडले. असं कुणी बोलतं का, अशा माणसाला? बाटली माझ्या हातात तशीच उघडी.

ताईने हात पुढे केला. आधी माझा खांदा सापडला, मग गाल. तळवा तिथेच ठेवला.

"हं," ती म्हणाली, आणि एवढा मोठा श्वास सोडला की माझ्या कपाळावरचे केस हलले. "हे वाक्य मी तीन महिने ऐकतेय. तू बोलत नव्हतीस तरी ऐकतेय. आता बोललीस, आता मला झोप लागेल."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडले, अकरा वर्षांची असल्यासारखी. तीही रडली. मला अजून राग आहे, तिच्यावर, कचेरीवर, सगळ्यावर. तिला ते माहीत आहे. उद्याही असेल, आणि उद्याही मी सांगेन.

शेवटी तिनेच नाक पुसलं आणि डोकं पुन्हा मागे टेकलं. "चल, घाल आता. रडण्यात सव्वासहा झाले."

मी तिची डावी पापणी बोटाने वर केली. ती माझ्याकडे बघत होती.